हलत्या प्रॉप्सचे बोर्ड एकमेकांना जोडताना

एकटा प्रॉप (देखाव्यातली हलणारी वस्तू) चालवणं सोपं असतं. एक नॅनो (अर्डुइनोचा छोटा बोर्ड), दोन सर्व्हो (दिलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या मोटरी), हालचाल टिपणारा एक सेन्सर, की कवटी जबडा हलवायला लागते. खरा प्रश्न उभा राहतो तो कवटीचं वाक्य संपल्याबरोबर पलीकडच्या पेटीचं झाकण उचललं जावं, त्याच क्षणी कंदील फडफडावा आणि घुबडानं मान वळवावी असं ठरतं तेव्हा. प्रत्येक बोर्डाला आता दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

आमच्या मांडणीत सात बोर्ड होते. सूत्रधार बोर्ड (बाकीच्यांना इशारे देणारा), कवटी (जबडा, मान आणि आवाज), पेटी, भिंतीवरचं घड्याळ, ६० एलईडींचा कंदील, दोन मोठ्या सर्व्होंवर हलणारा हात आणि फिरत्या चौथऱ्यावरचं घुबड. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत तारेची लांबी साधारण १८ मीटर. घुबडाचा बोर्ड ईएसपी३२ (बिनतारी बोलू शकणारा), बाकी सगळे ५ व्होल्टवरचे नॅनो.

तारेला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवली, आणि पुढचं जवळपास सगळं काम त्या एका निर्णयामुळे हलकं झालं. तारेवरून हालचाल पाठवायची नाही, फक्त इशारा पाठवायचा. सूत्रधारानं सेकंदाला पन्नास वेळा ‘जबडा आता इतका, मान आता इतकी’ असं सांगत बसलं, तर एखादं पॅकेट (काही बाइटचा एक संदेश) गळताच मान झटका खाते आणि तार निघाली की सगळे प्रॉप अर्ध्या हालचालीत गोठतात. त्यापेक्षा प्रत्येक प्रॉपची हालचाल त्याच्याच बोर्डात साठवलेली असावी आणि तारेवरून ‘प्रवेश ४ सुरू’ एवढंच यावं. मग बोलायला फारसं काही उरत नाही, आणि ज्या तारेवर बोलणं कमी तिथे बिघडायलाही कमी असतं.

याच न्यायानं आवाज आणि जबडा एकाच बोर्डावर ठेवले. ओठांची हालचाल आवाजाशी जुळणं ही सगळ्या देखाव्यातली सर्वांत नाजूक गोष्ट आहे. पाव सेकंदाचा फरकसुद्धा डोळ्याला लगेच खुपतो. ती जुळणी तारेच्या भरवशावर सोडू नये.

कोणती तार, कोणती भाषा

आयटूसी (चिपांनी आपसात बोलायची एक पद्धत) बहुतेकांना आधी सुचतं, कारण दोनच तारा लागतात आणि लायब्ररी तयार असते. पण आयटूसी एकाच सर्किटावरच्या चिपांसाठी आहे. त्याच्या तारांवर एकूण ४०० पिकोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) चालत नाही, आणि लांब केबल तेवढी मर्यादा काही मीटरांतच खाऊन टाकते. शिवाय मोटरच्या ठिणगीनं क्लॉकच्या, म्हणजे ठेका देणाऱ्या, तारेवर एक खोटा ठोका उमटला, तर एखादी चिप डेटाची तार खाली ओढून धरते आणि सगळी रांग अडकते. प्रॉपच्या आत, बोर्ड आणि सर्व्हो ड्रायव्हर यांच्यात वीतभर तारेवर आयटूसी उत्तम. प्रॉपच्या बाहेर नको.

साधी सिरीयल, म्हणजे एकाची पाठवणारी पिन (टीएक्स) दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेला (आरएक्स), टेबलावर सुरेख चालते. ती फसते ग्राउंडमुळे, म्हणजे व्होल्टेज जिच्यापासून मोजतात त्या शून्याच्या तारेमुळे. ५ व्होल्टच्या नॅनोला खात्रीनं ‘शून्य’ कळण्यासाठी पिनवर १.५ व्होल्टपेक्षा कमी हवं. मोठा सर्व्हो जोर लावतो तेव्हा ग्राउंडच्या तारेतून ३-४ अँपिअर वाहतात आणि तारेच्या दोन टोकांत एखादा व्होल्ट सहज पडतो. पाठवणाऱ्याचं शून्य घेणाऱ्याला एक व्होल्टचं दिसतं, वर थोडा गोंगाट बसला की बिट उलटतो. टेबलावर ठीक आणि जागेवर बसवल्यावर बिघाड, अशा तक्रारींमागे बहुधा हेच असतं.

म्हणून आरएस-४८५, लांब तारेवरच्या संदेशांसाठीचं मानक. यात एकच बिट दोन तारांवर उलटसुलट जातो आणि घेणारा फक्त दोन तारांमधला फरक बघतो. दोन्ही तारा मिळून ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंत सरकल्या तरी वाचन बिघडत नाही. मूळ मानकाप्रमाणे एका तारेवर ३२ उपकरणं बसतात आणि कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाता येतं. आपल्या १८ मीटरला हे अघळपघळ आहे. नॅनोसाठी मॅक्स४८५ या आरएस-४८५ चिपचे मॉड्यूल घेतले. ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा असल्यानं तिथे मॅक्स३४८५ घ्यावा लागतो. मॅक्स४८५ला ५ व्होल्ट देऊन त्याची बाहेर येणारी पिन थेट ईएसपी३२ला जोडू नये.

रंगमंचावरचे दिवे आधीच डीएमएक्सवर (मंचावरचे दिवे चालवण्याच्या मानक पद्धतीवर) चालत असतील, तर प्रॉपही त्याच तारेवर बसवता येतात. डीएमएक्सचा पायाही आरएस-४८५चाच, वेग सेकंदाला २,५०,००० बिट. मात्र तिथे सतत ५१२ वाहिन्यांचा ओघ चालू असतो आणि छोट्या बोर्डाचा बराच वेळ तो ऐकण्यात जातो. दिव्यांच्या टेबलावरून प्रॉप चालवायचे नसतील, तर ते ओझं घेऊ नये.

आधी वीज

संदेशांचे म्हणून दिसणारे अर्धे दोष खरं तर विजेचे असतात, त्यामुळे हे काम आधी उरकलं.

एसजी९० जातीचा छोटा सर्व्हो अडकला की साधारण ०.७ अँपिअर ओढतो, एमजी९९६आर ६ व्होल्टवर २.५ अँपिअरच्या आसपास. हिशेब नेहमी अडकलेल्या सर्व्होचा करावा, मोकळ्या हालचालीचा नव्हे, कारण हालचाल सुरू होताना क्षणभर प्रत्येक सर्व्हो अडकलेलाच असतो. हातातले दोन मोठे सर्व्हो एकदम निघाले की ५ अँपिअर. नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून सर्व्हो चालवण्याचा विचारच नको.

५ व्होल्ट एका ठिकाणी तयार करून लांब पाठवणं जमत नाही. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०२६ ओहम. १० मीटर जाऊन परत येईपर्यंत ०.५२ ओहम झाले. त्यातून ५ व्होल्टचे ४ अँपिअर नेले तर २ व्होल्ट वाटेतच संपतात आणि सर्व्होपर्यंत ३ उरतात. तीच २० वॅट शक्ती १२ व्होल्टनं नेली तर साधारण २ अँपिअर लागतात, वाटेत एक व्होल्ट जातो, आणि उरलेल्या ११ व्होल्टमधून प्रॉपमधला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) स्वच्छ ५ किंवा ६ व्होल्ट काढून देतो. म्हणून १२ व्होल्टचा एकच पुरवठा, आणि प्रत्येक प्रॉपमध्ये स्वतःचा बक. एलएम२५९६ या बक चिपच्या मॉड्यूलवर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण हीटसिंक नसेल तर २च्या पुढे तो तापतो; हाताच्या प्रॉपला त्याहून मोठा लागला. बकचा स्क्रू फिरवून व्होल्टेज आधी मल्टिमीटरवर लावून घ्यावं आणि मगच बोर्ड जोडावा. नव्या मॉड्यूलमधून काय व्होल्टेज बाहेर येईल याचा नेम नसतो.

प्रत्येक प्रॉपच्या १२ व्होल्टच्या तारेत फ्यूज, सर्व्होंच्या विजेवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि बोर्डाची वीज सर्व्होच्या विजेपासून वेगळी. हात आणि पेटी या दोन जड प्रॉपमध्ये बोर्डासाठी छोटा स्वतंत्र बक बसवला. सर्व्होच्या ओढीनं ५चे ४ व्होल्ट झाले तरी मग बोर्ड रिसेट होत नाही. ग्राउंड मात्र प्रॉपच्या आत एकाच बिंदूवर एकत्र आणावं आणि सर्व्होचा परतीचा प्रवाह बोर्डाच्या बारीक ग्राउंडमधून वाहू देऊ नये.

तार ओढणं आणि तपासणं

संदेशासाठी नेटवर्कची साधी कॅट-५ केबल वापरली. तिच्या तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात. नारिंगी जोडी ए आणि बी या आरएस-४८५च्या दोन संदेशतारांसाठी, तपकिरी जोडीच्या दोन्ही तारा मिळून ग्राउंड. आरएस-४८५ला फक्त दोन तारा पुरतात हे अर्धसत्य आहे. बोर्डांची ग्राउंडं उणे ७ ते १२च्या मर्यादेत ठेवायला तिसरी तार हवीच. आरजे-४५ची (नेटवर्कच्या प्लगची) सॉकेटं मुद्दाम टाळली. एखाद्यानं तो प्लग खऱ्या नेटवर्क स्विचमध्ये खुपसला आणि त्या स्विचमधून केबलवर वीज येत असेल, तर सगळी मॉड्यूल एकदम जातील. स्क्रूचे उपटता येणारे टर्मिनल बरे.

केबल एका प्रॉपमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ओळीनं न्यावी. मध्ये एक डबा ठेवून तिथून सगळीकडे फाटे काढले, तर प्रत्येक फाट्याच्या टोकावरून सिग्नल परततो. मुख्य केबलपासून मॉड्यूलपर्यंतचा तुकडा वीतभरच ठेवला.

आता टर्मिनेशन, म्हणजे टोकावरून सिग्नल परतू नये म्हणून तारेचा शेवट बांधणं. ओळीच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, ए आणि बीच्या मध्ये १२० ओहमचा रोधक हवा. मॅक्स४८५च्या बऱ्याच तयार मॉड्यूलवर हा रोधक आधीच सोल्डर केलेला असतो. दोन बोर्डांच्या प्रयोगात त्यामुळे सगळं छान चालतं, तिसरा-चौथा जोडला की कुरबुर सुरू होते. सहा मॉड्यूल समांतर आले की १२० भागिले ६ म्हणजे २० ओहम उरतात, आणि चिप तर ५४ ओहमचा भार धरून बनवलेली असते. मधल्या मॉड्यूलवरचे हे रोधक सोल्डरिंगच्या टोकानं तापवून काढून टाकावे लागतात.

हे बरोबर झालं का ते कळायला मल्टिमीटर पुरतो. सगळी वीज बंद करून ए आणि बीच्या मधला रोध मोजायचा. ६०च्या आसपास आला तर दोन टोकांचे दोन रोधक जागेवर आहेत. १२० आला तर एक गायब आहे किंवा केबल मध्येच तुटली आहे. अशा वेळी मधल्या एकेका टर्मिनलवर प्लग उपटून मोजत गेलं की तुटका तुकडा सापडतो. ४० आला तर कुठेतरी तिसरा रोधक राहून गेला आहे. शून्याजवळ आला तर शॉर्ट, आणि तो बहुधा टर्मिनलमधून बाहेर आलेल्या एखाद्या केसाएवढ्या तारेचा असतो. नवीन जागी मांडणी उभी केली की वीज देण्याआधी हे मोजमाप करायचंच.

आणखी एक बारकावा. कोणीच बोलत नसतं तेव्हा १२० ओहमचे रोधक ए आणि बीला एकाच व्होल्टेजवर आणून ठेवतात. चिपला खात्रीनं ‘एक’ वाचण्यासाठी निदान ०.२ व्होल्टचा फरक हवा. तो नसेल तर शांततेतही कचरा अक्षरं येत राहतात. सूत्रधार बोर्डाजवळ ए तारेला ५६० ओहममधून ५ व्होल्ट आणि बी तारेला ५६० ओहममधून ग्राउंड दिलं. हिशेब असा की ५ व्होल्ट ११८० ओहमवर वाटले जातात, त्यातला ६० ओहमचा वाटा साधारण ०.२५ व्होल्ट. शांत तारेवर मल्टिमीटर लावून हा आकडा प्रत्यक्ष बघता येतो. ही रोधकांची जोडी सबंध ओळीत एकाच जागी हवी, आणि ती जोडण्याआधीच वरची ६० ओहमची तपासणी उरकावी.

ए आणि बी उलट जोडल्या तर काही जळत नाही, फक्त अगम्य बाइट येतात. एकच प्रॉप बहिरा असेल तर आधी या दोन तारा अदलून बघाव्यात.

ऐकणाऱ्या बोर्डांवर मॉड्यूलच्या डीई आणि आरई (पाठवायचं की ऐकायचं ते ठरवणाऱ्या) या दोन्ही पिना कायमच्या ग्राउंडला बांधल्या. आमच्याकडे फक्त सूत्रधार बोलतो, बाकीचे ऐकतात. उत्तर मागायचं ठरवलं की दोघं एकाच वेळी बोलण्याचा प्रश्न येतो आणि कोणी कधी तोंड उघडायचं त्याची पाळी लावावी लागते. देखाव्याला त्याची गरज नसते.

मॉड्यूलची आरओ (ऐकलेलं बाहेर देणारी) पिन नॅनोच्या शून्य क्रमांकाच्या पिनला जाते, आणि प्रोग्रॅम चढवताना यूएसबीही तीच पिन वापरतं. मॉड्यूल जोडलेलं असताना ‘नॉट इन सिंक’ असा संदेश येऊन प्रोग्रॅम चढत नाही, तो यामुळेच. त्या तारेत काढता येणारा जंपर (छोटा जोड) ठेवला.

वेग कमी ठेवण्याचे फायदे

सवयीनं हात सेकंदाला १,१५,२०० बिटच्या वेगाकडे जातो. आम्ही ९६०० ठेवला. १६ मेगाहर्ट्झच्या नॅनोवर १,१५,२०० नेमका साधता येत नाही, २.१ टक्के चूक राहते. त्यात सिरॅमिक रेझोनेटरची (बोर्डाला ठेका देणाऱ्या भागाची) अर्धा टक्का इकडेतिकडे धरली की नॅनो आणि ईएसपी३२च्या जोडीवर कधीकधी अक्षरं बिघडतात. ९६०० वर चूक ०.२ टक्के. पण त्याहून मोठं कारण कंदिलात आहे.

डब्ल्यूएस२८१२बी एलईडींना रंग पाठवताना लायब्ररी नॅनोचे सगळे इंटरप्ट (चालू काम थांबवून बोर्डाचं लक्ष वेधणारे इशारे) बंद ठेवते, कारण त्या सिग्नलची वेळ काटेकोर असते. एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे ६० एलईडींना १.८ मिलिसेकंद. तेवढा वेळ बोर्ड सिरीयलवरून आलेलं काही उचलत नाही. नॅनोच्या हार्डवेअरमध्ये दोन बाइट थांबू शकतात. १,१५,२०० वर दर ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो, म्हणजे १.८ मिलिसेकंदात वीस. सबंध पॅकेट गिळलं जातं आणि कंदील ‘कधीकधी’ इशारा चुकवतो. हा दोष शोधायला फार अवघड, कारण तार ठीक असते, वीज ठीक असते, कोडही वाचायला ठीक दिसतो. ९६०० वर बाइट दर १.०४ मिलिसेकंदाला येतो. १.८ मिलिसेकंदात फार तर दोन येतात आणि ते हार्डवेअरमध्येच थांबतात. काही हरवत नाही.

कमी वेगाचा दुसरा फायदा कवटीत झाला. आवाजासाठीचं डीएफप्लेअर मिनी मॉड्यूल ९६०० वरच बोलतं. ऐकणाऱ्या बोर्डाची टीएक्स पिन तारेवर काहीच पाठवत नसल्यानं मोकळी असते, ती थेट डीएफप्लेअरला दिली, मध्ये १ किलोओहमचा रोधक घालून. सॉफ्टवेअर सिरीयलची (कोडनं तयार केलेल्या जादा सिरीयलची) गरजच राहिली नाही. ती वापरली असती तर १० बाइटची प्रत्येक आज्ञा पाठवताना बाइटगणिक इंटरप्ट बंद पडले असते.

डीएफप्लेअरबद्दल दोन गोष्टी. गाण्यांचा क्रम नावावर नव्हे, तर कार्डावर कोणती फाइल आधी चढवली त्यावर ठरतो. तो घोळ टाळायला ‘एमपी३’ नावाचं फोल्डर करून त्यात ०००१पासून चार आकडी नावं द्यावीत आणि त्या फोल्डरची वेगळी आज्ञा वापरावी. आणि आज्ञा दिल्यापासून आवाज सुरू होईपर्यंतचा वेळ दर वेळी सारखा नसतो. त्याची ‘बिझी’ पिन आवाज चालू असताना खाली जाते. जबड्याचं घड्याळ आज्ञेपासून मोजण्याऐवजी ती पिन खाली गेल्या क्षणापासून मोजलं की ओठ आणि शब्द जुळतात.

पॅकेट

सात बाइट. पहिला सुरुवातीचा, १७०. मग पत्ता, आज्ञा, माहितीचे दोन बाइट, अनुक्रमांक आणि शेवटी सीआरसी-८ (पॅकेट धड आलं का ते तपासायचा आकडा). पत्ता शून्य म्हणजे सगळ्यांसाठी. ९६०० वर सात बाइटना ७.३ मिलिसेकंद लागतात.

पोच मागायची नसल्यामुळे प्रत्येक इशारा तीनदा पाठवतो, २० मिलिसेकंदांच्या अंतरानं. तिन्हींचा अनुक्रमांक एकच. घेणारा पहिलं धड पॅकेट स्वीकारतो आणि त्याच क्रमांकाची पुढची सोडून देतो. पण एकानं पहिलं ऐकलं आणि दुसऱ्यानं तिसरं, तर दोघांत ४० मिलिसेकंदांचा फरक पडेल. म्हणून माहितीच्या दुसऱ्या बाइटमध्ये ‘किती वेळानं सुरू करायचं’ ते जातं, १० मिलिसेकंदांच्या मापात: पहिल्या पॅकेटमध्ये ६, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात २. कोणतंही ऐकलं तरी सगळे एकाच क्षणी निघतात.

इथे एक खाच आहे. सूत्रधार बोर्ड रिसेट होऊन पुन्हा अनुक्रमांक १पासून मोजू लागला आणि ऐकणाऱ्याचा शेवटचा क्रमांकही १च असेल, तर पहिला इशारा दुर्लक्षिला जातो. त्यामुळे ऐकणाऱ्यानं शेवटचा क्रमांक एका सेकंदानंतर विसरावा. तसंच पॅकेट अर्धवट येऊन ५ मिलिसेकंद शांतता पडली, तर जमवलेलं टाकून देऊन पुन्हा १७०ची वाट बघावी. माहितीतच १७० आला तर वाचन चुकीच्या जागी अडकू शकतं, त्यावर हा उतारा आहे.

सूत्रधार दर सेकंदाला एक ठोका पाठवतो: देखावा सुरू होऊन किती वेळ झाला, दोन बाइटमध्ये, १० मिलिसेकंदांच्या मापात. हे चैन म्हणून नाही. रेझोनेटरची अर्ध्या टक्क्याची चूक दीड मिनिटात ०.४५ सेकंद होते, आणि दोन नॅनो विरुद्ध दिशांना सरकले तर त्याच्या दुप्पट. ठोका आला की ऐकणारा फरक बघतो; २० मिलिसेकंदांच्या आत असेल तर सोडून देतो, जास्त असेल तर आपलं घड्याळ हळूहळू सरकवतो. एकदम उडी मारली तर सर्व्होही उडी मारतो.

प्रॉपच्या आतलं कोड आणि सर्व्हो

‘डिले’ हा शब्द या कोडमध्ये कुठेही येऊ द्यायचा नाही. जो बोर्ड अर्धा सेकंद थांबून राहतो तो अर्धा सेकंद बहिरा असतो. ‘मिलिस’ या वेळ सांगणाऱ्या फंक्शनकडून वेळ घ्यायची आणि हालचालीच्या तक्त्यातल्या ओळींशी ताडून बघायची. एका ओळीत वेळ दोन बाइट, सर्व्हो क्रमांक एक, कोन एक. अशा ३०० ओळी १२०० बाइट घेतात आणि नॅनोकडे रॅम आहे २ किलोबाइट. तक्ता ‘प्रॉगमेम’ हा शब्द लिहून फ्लॅशमध्ये (प्रोग्रॅम साठतो त्या मेमरीत) ठेवावा लागतो. दोन ओळींमधला प्रवास सुरुवातीला सावकाश, मध्ये वेगात आणि शेवटी पुन्हा सावकाश केला की घुबडाची मान जिवंत वाटते. एकसारख्या वेगानं फिरणारी मान लगेच यंत्र वाटते.

सर्व्हो पीसीए९६८५ या सर्व्हो ड्रायव्हर चिपवर टाकले. हा सर्व्होला कोन सांगणाऱ्या स्पंदांची वेळ स्वतः सांभाळतो, त्यामुळे बोर्ड दुसऱ्या कामात असला तरी सर्व्हो थरथरत नाही. ५० हर्ट्झवर २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग होतात, एक भाग ४.८८ मायक्रोसेकंदांचा, १५०० मायक्रोसेकंदांची मधली स्थिती म्हणजे ३०७. चिपच्या आतलं घड्याळ २५ मेगाहर्ट्झचं म्हटलेलं असलं तरी नगागणिक थोडं मागंपुढं असतं. ड्रायव्हर बदलला की जबडा किंचित उघडा राहतो तो याच कारणानं, आणि कोडमधला घड्याळाचा आकडा त्या नगापुरता जुळवून घेतला की प्रश्न मिटतो.

सर्व्होवर दांडी बसवताना आधी त्याला १५०० मायक्रोसेकंदांवर उभं करावं, मग दांडी खोचावी. नंतर दोन्ही टोकांच्या मर्यादा हातानं एकेक भाग पुढे नेत शोधाव्यात. सर्व्हो थांबलेला असूनही गुणगुणत असेल तर तो कशावर तरी रेटतो आहे, जवळपास अडकलेल्याइतका प्रवाह ओढतो आहे, आणि थोड्या वेळात जळेल. तिथून दोन-तीन भाग मागे यावं. वीज येताच सर्व्हो झटका देतात तो टाळायला पीसीए९६८५ची ओई (आउटपुट चालू-बंद करणारी) पिन १० किलोओहमनं वर ओढून ठेवली आणि सगळ्या स्थिती लिहून झाल्यावरच बोर्डानं ती खाली आणली.

भिंतीवरच्या घड्याळासाठी २८बीवायजे-४८ स्टेपर (टप्प्याटप्प्यानं फिरणारी मोटर) घेतला. त्याचे एका फेरीचे अर्धे टप्पे ४०९६ धरले जातात, प्रत्यक्षात गिअरच्या गुणोत्तरामुळे ते ४०७६च्या जवळ आहेत. काही फेऱ्यांनंतर काटा सरकलेला दिसतो. काट्यामागे छोटं चुंबक आणि हॉल सेन्सर लावून दर फेरीला शून्य पकडणं हा खरा उपाय.

घुबड फिरत्या चौथऱ्यावर असल्यानं तिथे तार नेता येत नव्हती. ओळीच्या शेवटी एक जादा ईएसपी३२ फक्त दुभाष्या म्हणून बसवला. तो आरएस-४८५वरचं पॅकेट जसंच्या तसं ईएसपी-नाऊनं (ईएसपी३२ बोर्डांच्या आपसातल्या बिनतारी पद्धतीनं) हवेत सोडतो. राउटर लागत नाही, दोन्ही बोर्ड एकाच चॅनेलवर असले की झालं. सर्वांसाठी सोडलेल्या पॅकेटला पोच नसते, पण तिप्पट पाठवण्याची आणि अनुक्रमांकाची पद्धत इथेही तशीच लागू पडते. पॅकेट आल्यावर जे फंक्शन चालतं त्यात फक्त बाइट बाजूला ठेवावेत. सर्व्हो तिथून हलवू नये. घुबडाच्या पिसांखाली जाळी असेल तर ती धातूची नको, अँटेनाच झाकली जाते.

हालचाल टिपणारा एचसी-एसआर५०१ सेन्सर वीज आल्यावर साधारण मिनिटभर खोटे इशारे देतो, तेवढा वेळ सूत्रधारानं त्याच्याकडे बघूच नये. ईएसपी३२च्या अँटेनाजवळ ठेवला तरी तो खोटा पेटतो.

बिघाड कुठे बघायचा

प्रत्येक बोर्डावर दोन एलईडी ठेवले. हिरवा धड पॅकेट आलं की लुकलुकतो, लाल सीआरसी चुकला की. दर सेकंदाच्या ठोक्यामुळे हिरवा सतत धडधडत असतो, आणि खोलीत एक नजर फिरवली की सगळं कळतं. एका प्रॉपचा हिरवा बंद असेल तर दोष त्याच्या टर्मिनलपाशी. एका जागेपासून पुढचे सगळे बंद असतील तर केबल त्या दोन प्रॉपमध्ये तुटली आहे. लाल फक्त पेटीची मोटर चालताना पेटत असेल तर मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवा, अगदी मोटरच्या अंगाला सोल्डर केलेला. दोन्ही बंद होऊन बोर्ड नव्यानं सुरू होत असेल तर संदेशांचा विचार सोडून वीज मोजावी. यूएसबी लावलेलं असताना चालतं आणि काढलं की नाही, हे तर ग्राउंड कुठेतरी सुटल्याचं ठळक लक्षण आहे.

तीन सेकंद ठोका आला नाही तर प्रॉपनं आपली हालचाल थांबवून सावकाश विश्रांतीच्या स्थितीत जावं. पेटीचं झाकण बंद होताना कोणाची बोटं सापडू शकतात, म्हणून तिथे विश्रांतीची स्थिती ‘आहे तिथेच थांब, मोटरची वीज तोड’ अशी आहे. मोटरला अडवण्याचं काम कोडवर सोपवू नये. झाकणाच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच थेट मोटरच्या वाटेत हवेत. वॉचडॉगही (अडकलेल्या बोर्डाला आपोआप रिसेट करणारी सोय) चालू केला. जुन्या बूटलोडरच्या (नवा प्रोग्रॅम चढवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) नॅनोवर वॉचडॉग लावला तर बोर्ड रिसेटच्या फेऱ्यात अडकतो. नवा बूटलोडर आधी चढवून घ्यावा लागतो.

सगळं जागेवर बसल्यावर देखावा काही तास सलग फिरवत ठेवावा. दहा मिनिटांत न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा बाहेर येतात: तापलेला बक, सैल झालेला दांडीचा स्क्रू, कंपनानं हळूहळू निघणारी तार. टर्मिनलमध्ये जाणाऱ्या बहुतारी केबलच्या टोकांना फेरूल (धातूच्या छोट्या नळ्या) दाबावेत. त्या टोकांना सोल्डर लावू नये, स्क्रूखाली ते दबत जातं आणि कॉन्टॅक्ट सैल पडतो.

पत्ता कोडमध्ये लिहिण्याऐवजी चार खटक्यांच्या डिप स्विचवर ठेवला आणि सगळ्या प्रॉपचे तक्ते जागा असेल तितके एकाच प्रोग्रॅममध्ये घातले. आवाजाचं कार्ड कवटीतच राहतं. देखावा चालू असताना एखादा नॅनो गेला, तर डब्यातला जादा बोर्ड काढायचा, मेलेल्या बोर्डाचे खटके बघून तसेच लावायचे, प्लग खोचायचे आणि हिरवा दिवा धडधडू लागला की झाकण लावायचं.